मकबऱ्याचा गिलावा आणि सिमेंटची फळी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार विद्वान माणसांनी काही सांगावे आणि बाकीच्यांनी ते ऐकावे, अशी रीत आपल्याकडे पडली आहे. मी त्या विद्वानांपैकी नव्हे. शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि बांधकामाच्या जागांवर झाले. बांधकाम मजुरांची संघटना चालवता चालवता पन्नाशी उलटली. चालकांनी मला ‘इतिहासावर बोला’ असे सांगितले, तेव्हा मी म्हणालो, ‘राजांचा इतिहास मला येत नाही; भिंतीचा थोडाफार येतो.’ ते ‘चालेल’ म्हणाले. म्हणून आज मी आपणांपुढे गिलाव्याचा इतिहास मांडणार आहे.

मी उस्मानपुऱ्यात राहतो. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास आमच्या चौकात माणसे कामाची वाट पाहत उभी असतात. त्यांच्यात गवंडी असतात, बिगारी असतात, रंगारी असतात. गिलावा करणारा त्यांत निराळा ओळखता येतो. त्याच्या बोटांची पेरे सिमेंटने खाल्लेली असतात आणि पिशवीतून थापीचे टोक बाहेर आलेले असते. या माणसाविषयी आपला सर्वांचा एक ठाम समज आहे. गिलावा फुटला की दोष त्याचा! चिरा कोणी घडवल्या, भिंत कोणी उचलली, पाणी कोणी मारले नाही, हे कोणी विचारीत नाही; कारण गिलावा वर असतो आणि वरचे तेवढे डोळ्यांना दिसते. हा समज कितपत खरा आहे, हे इतिहासाला विचारून पाहू.

त्यासाठी फार लांब जावयास नको. उस्मानपुऱ्यातून उत्तरेला बेगमपुऱ्याच्या अंगाने निघालो की बीबीका मकबरा लागतो. मलिक अंबराने १६१० साली वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि आज तेच छत्रपती संभाजीनगर आहे. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ साली वारली. तिच्या स्मरणार्थ हा मकबरा बांधला गेला. वास्तुकार अताउल्ला, आग्र्याच्या ताजमहालाचा वास्तुकार म्हणून ज्या उस्ताद अहमद लाहोरींचे नाव घेतात, त्यांचा हा मुलगा. त्याच्या जोडीला हंसपतराय नावाचा अभियंता होता. या दोघांची नावे मुख्य दरवाजावरील लेखात आहेत. गुलाम मुस्तफा यांच्या ‘तारीखनामा’ ग्रंथात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. सात आण्यांचासुद्धा हिशेब राहिला, हे लक्षात ठेवावे.

ताजमहालाच्या मानाने ही रक्कम फारच थोडी. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आणायचा होता. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्याकडे जात असता त्याला संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते, असे तो लिहितो. एवढा दगड एवढ्या लांबून आणणे या रकमेत सबंध इमारतीला परवडणारे नव्हते. मग काय केले? इमारतीचा खालचा पट्टा संगमरवराचा केला. त्याच्या वर, घुमटाच्या बुडापर्यंत, आपल्या डोंगरातला काळा दगड वापरला. घुमट पुन्हा संगमरवराचा केला. आणि मधल्या काळ्या दगडावर बारीक चुन्याचा गिलावा चढवून तो असा घोटला की दुरून पाहणाऱ्याला खालचा दगड, मधला गिलावा आणि वरचा घुमट एकाच पांढऱ्या रंगात मिळून गेलेले दिसावेत. त्या गिलाव्यातच वेलबुट्टी काढली, कोनाडे सजवले.

लोक याला ‘गरिबांचा ताज’ म्हणतात. म्हणताना थोडे हसतात. मला हे हसणे कधी पटले नाही. संगमरवर खाणीतून पांढराच निघतो. काळा पाषाण पांढरा करून तो उघड्या हवेत, दख्खनच्या उन्हापावसात टिकवायचा, याला जास्त अक्कल लागते. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. मधून मधून पोपडे निघाले, पुरातत्त्व खात्याने वेळोवेळी दुरुस्त्या केल्या, हे खरे. परंतु मूळ कसब कच्चे असते तर दुरुस्त करायला काही उरलेच नसते.

आता हे कसब कशात आहे ते पाहू. आपला काळा दगड घट्ट असतो, पाणी फारसे पीत नाही. गुळगुळीत काळ्या दगडावर गिलावा थापला तर तो चिकटत नाही, खालून सुटतो. म्हणून दगडाला आधी टाचे मारून तो खडबडीत करावा लागतो. ही युक्ती आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंती मुद्दाम छिन्नीच्या खुणांसह खडबडीत ठेवल्या. त्यांवर माती, दगडाची कच, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग चित्रकाराने कुंचला उचलला. चित्रकारांच्या आधी तेथे गिलावा करणारे राबले होते, ही गोष्ट अजिंठ्यावरील भाषणांत सहसा येत नाही. वेरूळचे कैलास लेणे तर आकाशाखाली उघडे आहे. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, म्हणजे आठव्या शतकात, ते कोरले गेले. त्यावरही एके काळी पांढरा गिलावा होता. त्याचे तुकडे अजून पाहावयास मिळतात. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तूस असो, ताग असो, भांग असो, काम एकच : लेप सुकताना आक्रसतो, तेव्हा तंतूंनी त्याला धरून ठेवावे.

चुन्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर सुमारे ४४ किलो वायू होऊन उडून जाते. उरते ती चुनकळी. ती पाण्यात विझवावी, भिजत ठेवावी, घाणीत वाळूबरोबर मळावी. भिंतीवर चढल्यानंतर हा चुना गेलेला वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. ‘हळूहळू’ या शब्दावर माझा जोर आहे. घाईने जाड थर दिला तर वरची साय धरते आणि आत कच्चे राहते. म्हणून पातळ थर, एकावर एक. प्रत्येकाला त्याची मुदत. शेवटी नीरूचा बारीक हात देऊन गारगोटीने घोटायचे. प्राचीन रोमच्या जुन्या कायद्यात तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरण्याची ठेकेदारास मनाई होती, असे प्लिनीने नमूद केले आहे. कायदा ठेकेदारावर होता, मजुरावर नव्हता! दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना एवढे कळत होते.

रोमचाच आणखी एक जाणकार विट्रूव्हियस. त्याने वास्तुविद्येवर दहा पुस्तके लिहिली. सातव्यात गिलाव्याचा विचार आहे. लाकडी चौकटीत कूड भरून त्यावर गिलावा केला की उभ्या-आडव्या लाकडांच्या रेषेत भेगा पडतात, असे त्याने पाहिले. कारणही दिले. ओल्या लेपाने लाकूड पाणी पिते आणि फुगते. सुकले की आक्रसते. आणि जाताना वरचा गिलावा फाडते. उपाय काय? सगळी भिंत मातीने लिंपावी, तिच्यावर बोरूच्या काड्यांची एक फळी आडवी ठोकावी, पुन्हा लिंपावे, दुसरी फळी उभी ठोकावी आणि मग चुन्याचे थर चढवावेत. आडव्या-उभ्या काड्या मिळून जाळी झाली. खालचे हलले तरी जाळी ते हलणे सबंध भिंतीवर वाटून देते; एका ठिकाणी भेग पडू देत नाही. विट्रूव्हियसचे हे म्हणणे आपण मनात ठेवा. थोड्या वेळाने ते उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे कुडाच्या भिंती आणि मराठवाड्यातील पांढऱ्या मातीची घरे बायका दरवर्षी लिंपीत. भेगा पडतच, पण दरवर्षी हात फिरे, म्हणून घर टिके. त्या हाताला मजुरी नव्हती, म्हणून त्याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

नंतर काळ बदलला. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटची सनद घेतली. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघू लागले. चुना वायू घेऊन हळूहळू पिकतो. सिमेंट पाण्याशी जुळून भराभर घट्ट होते. घाणी गेली, भट्टी गेली, वाट पाहणे गेले. पुढची पायरी फळीची. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हाट्शेक याने कागदाच्या गिरणीसारख्या यंत्रावर सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस यांचे पातळ पत्रे काढले. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने माणसे मरतात हे कळल्यावर, १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियासारख्या देशांत त्याच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू घातलेली फळी आली. लाकडाचा भुसा सिमेंटात दाबून केलेली जाड फळीही निघाली. आज आपल्या शहरात लोखंडी सांगाडा उभा करतात, त्याला आठ फूट बाय चार फुटांची सिमेंटची फळी स्क्रूने मारतात आणि वर गिलावा करून दगडी बांधकामाचा देखावा करतात. बागेतली छत्री, कॉलनीची कमान, लग्नाच्या लॉनचे व्यासपीठ, सारे असेच. काम स्वस्त पडते आणि लवकर होते. मी त्याच्या विरुद्ध नाही. मकबराही अखेर काटकसरीतूनच उभा राहिला.

आता माझ्या वहीतली एक हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका लॉनवर अशीच छत्री उभी करायचे काम निघाले. ठेकेदाराचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे ठेकेदार पुष्कळ आहेत. मे महिना होता. पारा चाळिशीच्या पुढे. मालकाला पहिली लग्नतिथी गाठायची होती. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून मारल्या. आमच्या तिघा माणसांनी ‘सांध्यावर जाळी पाहिजे’ म्हणून सांगितले. ‘लागत नाही’ असे उत्तर मिळाले. टँकर एक दिवसाआड येई, तेव्हा गिलाव्यावर पाणी किती मारले असेल ते आपणच ओळखा. आठवड्यात काम उरकले. लग्ने लागली. पहिल्या दोन पावसांत छत्रीभर भेगा पडल्या आणि ठेकेदाराने तिघांची चौदा दिवसांची मजुरी अडवली. ‘हात खराब आहे’ म्हणाला.

मी तेथे एकटा गेलो नाही. शहागंजाकडच्या एका वृद्ध मिस्त्रीला बरोबर घेतले. सत्तरी ओलांडलेली, बापजाद्यांपासून चुन्याचे काम. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी आधी बोटाच्या गाठीने सगळीकडे टकटक करून पाहिले. मग खिशातून खडू काढला आणि एकेका भेगेवरून ओढीत चालले. अर्ध्या तासात छत्रीच्या पांढऱ्या अंगावर खडूचे चौकोन उमटले. मी टेप लावला. आठ फूट बाय चार फूट. दुसरा चौकोन, आठ बाय चार. तिसराही तोच. चाचा म्हणाले, ‘भाऊ, हात खराब असता तर भेग वेडीवाकडी गेली असती. ही तर फळीच्या मापाने गेली. गिलावा नाही फुटला. खालच्या फळ्या हलल्या.’

ठेकेदार काही वेळ गप्प राहिला. मालक मात्र शहाणा होता. त्याने स्वतः टेप हातात घेऊन पुन्हा मोजले. आठवड्याभरात मजुरी मिळाली. त्या रात्री मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात विट्रूव्हियसचा तो भाग पहिल्यांदा वाचला. चाचांना अक्षरओळख नाही आणि विट्रूव्हियसला उस्मानपुरा ठाऊक नव्हता. परंतु दोघांनी सांगितली ती गोष्ट एकच होती. दुसऱ्या दिवशी चाचांना ते समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘लिहून ठेवणारा भेटला त्याला. नशीबवान होता.’

पुढे तीच छत्री आमच्याच माणसांनी पुन्हा केली. कशी केली ते सांगतो, कारण श्रोत्यांत घरमालक असतील, लहान ठेकेदारही असतील. जुना गिलावा काढला. फळ्या उतरवून पुन्हा मारल्या, त्या विटांच्या सांधमोडीप्रमाणे, म्हणजे चार कोपरे एका ठिकाणी येणार नाहीत अशा. दोन फळ्यांच्या मध्ये सुमारे तीन मिलिमीटर फट ठेवली, फळीला फुगायला जागा म्हणून. खालची कड जमिनीपासून चार बोटे उचलली, नाहीतर ती ओल शोषत राहते. सांध्यावर काचतंतूंच्या जाळीची पट्टी लावली. ही काच सिमेंटाच्या क्षाराला दाद न देणारी असावी लागते. साधी काच सिमेंट खाऊन टाकते. मग फळीला चिकटणारा, रसायन मिसळलेला पहिला पातळ हात दिला आणि तो ओला असतानाच सबंध अंगावर जाळी दाबून बसवली. रोमन माणसाच्या बोरूच्या काड्या, त्याच या! तो थर वाळल्यावर दुसरा हात, मग शेवटचा दाणेदार. जेथे लांबी जास्त होती तेथे सरळ रेघ मुद्दाम मोकळी सोडली. हालचाल व्हायचीच असेल तर त्या रेघेत होऊ दे. माथ्यावर पाणी बाहेर टपकेल अशी पागोळी काढली. काम सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर केले, दुपारी ओले तरट टाकले. पहिल्यापेक्षा दिवस दुप्पट लागले. त्यानंतरचे पावसाळे मी जाऊन पाहिले. छत्री शाबूत आहे.

येथवर गिलाव्याची गोष्ट झाली. परंतु तो करणाऱ्याची राहिली. कोरडी फळी यंत्राच्या करवतीने कापताना जी धूळ उडते, तीत वाळूचा अतिसूक्ष्म अंश असतो. तो फुप्फुसात जाऊन बसला की बाहेर निघत नाही. वर्षांनी दम लागू लागतो आणि दुखण्याचे नाव डॉक्टर सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. उपाय साधे आहेत : पाणी सोडून कापावे, मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून कापावे, तोंडाला नुसता रुमाल न बांधता धुळीचा खरा मुखवटा द्यावा. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर तो फोडूच नये, अख्खा उतरवावा. हा खर्च गिलाव्याच्या खर्चातच धरला पाहिजे. मजुराचे फुप्फुस हा काटकसरीचा विषय नव्हे.

कायदा झाला नाही असे नाही. पुष्कळ चळवळीनंतर १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. २०११ साली महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आले. लाभासाठी अट होती वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्याची. बंगल्यावर चार दिवस, कमानीवर सहा दिवस, लॉनवर आठवडा असे काम करणाऱ्या गिलावेवाल्याने नव्वद दिवसांची सही कोणाकडे मागावी? आमच्या संघटनेची निम्मी वर्षे या एका सहीमागे गेली. म्हणून आम्ही प्रत्येकाला वही दिली. तीत तारीख, जागा, काम, खाली काय होते, जाळी होती की नव्हती, पाणी किती दिवस मारले, हे लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे मूल लिहिते. तिघांच्या मजुरीच्या वेळी खडूइतकीच ती वहीही उपयोगी पडली. कारण ‘जाळी मागितली, दिली नाही’ अशी नोंद तीत त्याच तारखेची होती.

मित्रहो, मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकाराचे नाव आहे, अभियंत्याचे नाव आहे. ग्रंथात सात आण्यांचा हिशेब आहे. काळ्या दगडाला टाचे मारणारे, घाणीवर चुना मळणारे, परांचीवर चढून गारगोटीने गिलावा घोटणारे, यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. त्यांना आता नावे देता येणार नाहीत. परंतु त्यांना मुदत मिळाली होती, खालचा दगड पक्का मिळाला होता, हे त्यांच्या कामावरून वाचता येते. आज उस्मानपुऱ्याच्या चौकात उभा असलेला माणूस तेवढेच मागतो : पक्का आधार, पुरेसे पाणी, लागतील तितके दिवस आणि ठरलेली मजुरी.

पुढच्या वेळी मकबरा पाहावयास जाल, तेव्हा संगमरवराचा पट्टा जेथे संपतो तेथे थोडे थांबा आणि वर पाहा. आणि आपल्या घराच्या कमानीला भेग पडली, तर गिलावेवाल्याची मजुरी कापण्याआधी टेप घेऊन ती भेग एकदा मोजा. एवढे केलेत तरी आजचे व्याख्यान वाया गेले नाही असे मी समजेन.